टाकीची डबी, वायफाय आणि गटाची किल्ली

शेळ्या, कोंबड्या, पापड-लोणची यांच्या जोडीला आता शोभिवंत माशांचा धंदाही बऱ्याच गटांनी हाती घेतला आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी प्रकल्प खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवली गेली, तेव्हापासून परसातल्या शेडमध्ये गप्पी, मॉली, फायटर यांच्या टाक्या मांडणाऱ्या बायका वाढल्या. टाक्या वाढल्या तशी नवी यंत्रंही दारात आली. त्यातलंच एक म्हणजे टाकीचा कंट्रोलर. आमच्या गटात सगळ्या त्याला नुसतं ‘डबी’ म्हणतात. ही डबी घरच्या वायफायला कशी जोडायची आणि जोडल्यावर ती कोणाच्या हातात ठेवायची, याबद्दल आज बोलू.

आधी ही डबी काय करते ते समजून घेऊ. तिची एक वायर पाण्यात सोडलेली असते. त्या वायरच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असतो. पाणी आपण ठरवलेल्या आकड्यापेक्षा गार झालं की डबी हीटर सुरू करते, पुरेसं तापलं की बंद करते. काही डब्या दिवे आणि पंपही ठरल्या वेळी चालू-बंद करतात. वायफायला जोडली की टाकीचं तापमान आपल्या मोबाईलवर दिसतं, आणि काही बिघडलं तर मेसेज येतो.

याची गरज का पडते? मासा आपलं अंग स्वतः ऊबदार ठेवू शकत नाही, पाणी जसं तसा तो. गप्पीसारख्या माशांना २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. घाटावर पौष-माघात रात्री पाणी झपकन गार पडतं आणि अशा अचानक फरकानं माशांच्या अंगावर पांढरे ठिपके येण्याचा रोग बळावतो. उन्हाळ्यात उलटी अडचण. पाणी जितकं गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यात शेवाळ आणि वनस्पती रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट घेतात. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडमीट करताना दिसतात ते बहुतेक पहाटे. त्या वेळी आपण झोपेत असतो किंवा चुलीपुढे.

आता एक रोखठोक गोष्ट. एक-दोन टाक्या असतील आणि त्या माजघराशेजारीच असतील, तर वायफायच्या डबीवर पैसे घालू नका. साधा हीटर आणि पाण्यात लावायचा थर्मामीटर पुरे. गटाकडे पैसे थोडे असतील तर आधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या. लाईट गेल्यावर माशांना आधी हवा लागते, मेसेज नंतर. टाक्या बऱ्याच असतील, शेड घरापासून लांब असेल, बायका पाळीपाळीनं येत असतील, तर मात्र डबी कामाची.

जोडायला बसण्याआधी चार गोष्टी बघून घ्या.

पहिली, वायफायचा पट्टा. हल्लीचे राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा वेग जास्त, पण तो भिंतींपलीकडे फार जात नाही. आपल्या डबीसारखी बहुतेक छोटी यंत्रं फक्त २.४ ओळखतात. ‘मोबाईलला वायफाय लागतं, मग डबीलाच का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथंच असतं. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर राऊटरच्या सेटिंगमध्ये त्यांना वेगवेगळी नावं द्या. स्वतःला जमत नसेल तर इंटरनेट बसवून देणाऱ्या माणसाला सांगा, ‘२.४ चं नाव वेगळं करून द्या.’ एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

दुसरी, अंतर आणि आडोसा. पत्र्याची भिंत वायफायला अडवते. पाण्यानं भरलेली मोठी टाकीही अडवते. म्हणून डबी टाक्यांच्या मागे दडवू नका, राऊटरच्या बाजूला वर टांगा. आधी डबीच्या जागी मोबाईल धरून वायफायच्या रेघा किती दिसतात ते बघा.

तिसरी, घरात राऊटर नसेल तर. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डबी जोडता येते, पण तो मोबाईल बाजाराला गेला की वायफायही बाजाराला गेलं. हॉटस्पॉट फक्त तपासून बघण्यापुरता ठेवा. कायमसाठी सिमकार्ड घालायचा छोटा राऊटर शेडजवळ बसवणं बरं.

चौथी, नाव आणि पासवर्ड. वायफायचं नाव साधं, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. पासवर्डमधलं लहान आणि मोठं अक्षर वेगळं मोजलं जातं, म्हणून तो कागदावर जसाच्या तसा लिहून घ्या.

आता जोडणी. डबीचं ॲप मोबाईलवर घ्या. मोबाईल त्याच २.४ च्या वायफायवर ठेवा. मोबाईलचा स्वतःचा डेटा तेवढ्यापुरता बंद करा. लोकेशन सुरू ठेवा, कारण आसपासची वायफाय यंत्रं शोधायला मोबाईलला ते लागतं. डबीवरचं बटण काही सेकंद दाबून धरलं की तिचा दिवा भराभर लुकलुकतो. म्हणजे डबी ओळख करून घ्यायला तयार झाली. ॲपमध्ये ‘ॲड डिव्हाइस’ निवडा, वायफायचं नाव आणि पासवर्ड भरा आणि थांबा. मिनिट-दोन मिनिटं लागतात, मध्येच दहादा बटणं दाबू नका.

काही डब्या स्वतःचंच तात्पुरतं वायफाय सोडतात. मोबाईल आधी त्या वायफायला जोडायचा, मग आपल्या घरचं नाव-पासवर्ड डबीला सांगायचं. तेव्हा मोबाईल विचारतो, ‘या वायफायला इंटरनेट नाही, तरी राहायचं का?’ घाबरू नका. ‘हो’ म्हणा. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की जमलं.

नाहीच जमलं तर क्रमानं बघा: पट्टा २.४ चा आहे का, पासवर्ड बरोबर आहे का, डबी राऊटरजवळ नेल्यावर जोडली जाते का. राऊटर अगदी नवा असेल तर त्याची सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए ३ वर आहे का तेही बघा. जुन्या धाटणीच्या डबीला डब्ल्यूपीए २ लागते. आणि एक युक्ती लक्षात ठेवा. पुढं राऊटर बदलावा लागला तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सहसा डब्या आपल्या आपण परत जोडल्या जातात.

आता सांगतो ती गोष्ट यंत्रापेक्षा महत्त्वाची. शेजारच्या गावातल्या एका गटानं टाक्या बसवल्या तेव्हा डबी जोडून दिली एका ताईंच्या मुलानं. पोरगा हुशार, अर्ध्या तासात काम फत्ते. ॲप त्याच्या मोबाईलवर, खातं त्याच्या नंबरवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. पुढं तो नोकरीला पुण्याला गेला. थंडीत एका रात्री हीटर बंद पडला. मेसेज आला, पण तो पुण्यात रात्रपाळीवर असलेल्या पोराच्या खिशात. सकाळी टाकीत विकायला तयार झालेली गप्पी तळाशी पडलेली. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता बायकांनी घरातून भरला. दोष पोराचा नाही. त्यानं मदतच केली होती. पण धंदा बायकांचा, कर्ज बायकांच्या नावावर, आणि टाकीची खबर मात्र तिसरीकडे, ही घडी चुकीची होती.

आपल्या बचत गटाची रीत काय आहे? पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, आणि व्यवहार सगळ्यांसमोर. डबीलाही तीच रीत लावा. ॲपचं खातं गटाच्या ईमेलवर काढा. मेसेज निदान दोघींच्या मोबाईलवर येऊ द्या, त्यातली एक शेडजवळ राहणारी हवी. बऱ्याच ॲपमध्ये खातं एक ठेवून दुसऱ्या मोबाईलला सामील करून घेता येतं. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून पेटीत ठेवा. जोडणी करताना पोराला, भावाला, दुकानदाराला जरूर बोलवा, पण बटण आपल्यापैकी एकीनं दाबायचं आणि त्यानं शेजारी बसून सांगायचं. एकदा हातानं केलं की पुढच्या वेळी कोणाची वाट बघावी लागत नाही. आणि हो, डबीचा पासवर्ड बँकेच्या ॲपला ठेवू नका, आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.

डबी काय करू शकत नाही तेही ठाऊक हवं. लाईट गेली की राऊटर बंद, डबी बंद, मग मेसेज पाठवणार कोण? राऊटर आणि डबी छोट्या इन्व्हर्टरवर ठेवली तर निदान तेवढा वेळ खबर मिळते. सेन्सर पाण्याबाहेर आला तर तो हवेचं तापमान मोजतो. हवा गार असेल तर डबीला वाटतं पाणीच गार आहे, आणि हीटर चालूच राहून मासे शिजतात. म्हणून पाणी बदलताना आधी हीटर बंद करा, सेन्सर खोल आणि पक्का बसवा. मोबाईलच्या बॅटरी बचतीच्या सेटिंगमुळे रात्री मेसेज अडकतात, तेवढं एका ॲपपुरतं ते बंद करा.

विजेची काळजी तर हवीच. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता झोळातून खाली पडेल. अर्थिंग तपासून घ्या आणि शेडच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी वायरमनकडून बसवून घ्या. ओल्या हातानं प्लगला हात लावायचा नाही. मासे पुन्हा आणता येतात.

महिन्याच्या बैठकीच्या दिवशी तीन चाचण्या करा. राऊटर पाच मिनिटं बंद करा आणि इंटरनेट नसतानाही डबी हीटर सांभाळते का ते बघा. सांभाळत नसेल तर दुकानदाराला परत द्या. मग हीटरचा प्लग काढून सेन्सर कोमट पाण्याच्या पेल्यात धरा आणि दोघींच्या मोबाईलवर मेसेज येतो का ते बघा. शेवटी मेन स्विच बंद करून बॅटरीचा पंप चालतो का ते पहा. निकाल गटाच्या वहीत हप्त्यांच्या नोंदीखाली लिहा.

आणि डबी असो वा नसो, सकाळी एकीनं टाकीपाशी उभं राहायचं आहेच. मासा खातोय का, पंख मिटून कोपऱ्यात बसलाय का, पाण्याला वास येतोय का, हे वायफायवर कळत नाही. पुढच्या भाषणात माशांचं खाद्य घरी कसं तयार करायचं ते सांगू. तोवर या महिन्याच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा: आपल्या टाकीचा मेसेज कोणाच्या मोबाईलवर येतो?