पोस्ट-डॉक्टरेटनंतर पुढे काय? संशोधकाच्या नोकरीचा हिशोब

(विविध प्रयोगशाळांतील हंगामी संशोधक व प्रकल्प कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय आपल्या अभ्यासवर्गांत सहसा येत नाही. कामगार संघटना म्हटली की डोळ्यांसमोर गिरणी, कारखाना, बँक, एस.टी.चा डेपो येतो. पांढरा कोट घालून प्रयोगशाळेत रात्री दहापर्यंत उभा राहणारा पीएच.डी. झालेला माणूस येत नाही. तो स्वतःही आपल्याला कामगार समजत नाही. परंतु त्याला महिन्याला काय मिळते, किती काळासाठी मिळते आणि कोणाच्या शिफारशीवर मिळते, हे विचारले की त्याचा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा निघतो.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील बदली कामगार आपल्याला ठाऊक आहे. पाळीच्या वेळी दाराशी हजर राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नाही तर घरची वाट. वर्षानुवर्षे काम करूनही नाव बदलीच्याच यादीत. १९८२ च्या संपात वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती. पोस्टडॉक संशोधकाची मिळकत बदली कामगारापेक्षा पुष्कळ बरी आहे, यात वाद नाही. साम्य एकाच गोष्टीत आहे : काम कायमचे, माणूस तात्पुरता. एक प्रकल्प संपला की दुसरा येतो, यंत्रे तीच राहतात आणि माणूस मात्र बदलतो.

म्हणून ‘करिअरचे नियोजन’ हा शब्द मी थोडा वेगळ्या अर्थाने वापरणार आहे. बायोडाटा कसा लिहावा आणि मुलाखतीला कोणता शर्ट घालावा, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला सांगावयाचे आहे ते वर्षांच्या हिशोबाविषयी.

आधी वयाचा हिशोब

समजा, एक विद्यार्थी तेविसाव्या वर्षी एम.एस्सी. झाला आणि चोविसाव्या वर्षी त्याला फेलोशिप मिळाली. ज्युनिअरची दोन आणि सीनिअरची तीन अशी पाच वर्षे. प्रबंध, परीक्षकांचे अहवाल, तोंडी परीक्षा धरून तिशी उजाडते. मग दोन वर्षांची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, पुढे आणखी एक प्रकल्प. पस्तिशी कधी आली ते कळतही नाही.

आता जाहिराती पाहा. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत सायंटिस्ट पदासाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षे असते. राखीव प्रवर्गांना त्यात नियमाप्रमाणे सवलत मिळते. उलट, पूर्वीच्या एसईआरबीने सुरू केलेल्या आणि आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनकडे आलेल्या राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिपची सर्वसाधारण वयोमर्यादा ३५. म्हणजे तात्पुरत्या कामासाठी जो माणूस पस्तिशीपर्यंत तरुण, तोच कायम पदासाठी बत्तिशीनंतर म्हातारा! विद्यापीठांत सहायक प्राध्यापकासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने वयाची अशी अट घातलेली नाही हे खरे. परंतु तेथे मंजूर जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि आपल्या महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांकडून काम चालविले जाते, हे आपण पाहतोच.

उशिरा रुजू होण्याची किंमत निवृत्तीच्या दिवशी कळते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजनेचा पर्याय आला. त्यात पूर्ण, म्हणजे शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, पेन्शनसाठी २५ वर्षांची सेवा लागते. त्याहून कमी सेवा असेल तर पेन्शन त्या प्रमाणात घटते आणि किमान दहा वर्षे तरी लागतातच. साठाव्या वर्षी निवृत्ती धरली तर पस्तिसाव्या वर्षी रुजू झालेला माणूस जेमतेम पंचवीस वर्षे पुरी करतो. चाळिसाव्या वर्षी लागलेल्याची वीस भरतात आणि पेन्शन ४० टक्क्यांवर येते. फेलोशिपची वर्षे या सेवेत धरली जात नाहीत. आपण त्यांना ‘शिकण्याची वर्षे’ म्हणतो, पण वही मिटताना ती कोरीच दिसतात.

हातात काय पडते

केंद्राच्या २०२३ च्या आदेशानुसार ज्युनिअर फेलोला दरमहा ३७,००० रुपये, सीनिअरला ४२,००० रुपये आणि रिसर्च असोसिएटला श्रेणीप्रमाणे ५८,०००, ६१,००० व ६७,००० रुपये ठरले. घरभाडे भत्ता वेगळा. आकडा वाईट नाही. पण त्याला महागाई भत्ता जोडलेला नाही, बोनस नाही, प्रवास सवलत नाही. ज्युनिअर फेलोची रक्कम २०१४ मध्ये २५,००० झाली, ती २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,०००. मधल्या चार-पाच वर्षांची महागाई संशोधकाने आपल्या खिशातून सोसली. शिवाय रक्कम दर महिन्याला वेळेवर येईलच असेही नाही.

म्हणून खासगी कंपनीचे पत्र हातात आल्यावर नुसता वार्षिक आकडा पाहून हरखू नका आणि निराशही होऊ नका. कंपनी ज्याला सीटीसी म्हणते, त्यात मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा असे सर्व धरलेले असते. मूळ वेतन किती, दरमहा हातात किती येणार आणि निधीत किती जाणार, हे तीन आकडे वेगळे लिहून काढा. मगच फेलोशिपशी तुलना करा.

कायद्याच्या लेखी आपण कोण?

याचे उत्तर सरळ नाही. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात ‘उद्योग’ या शब्दाची व्यापक व्याख्या केली. तिच्या कक्षेत संशोधन संस्थाही येऊ शकत होत्या. १९९७ मध्ये मात्र अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीच्या प्रकरणात ती प्रयोगशाळा उद्योग नव्हे, असा निकाल झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने संरक्षण संशोधन, अणुऊर्जा आणि अवकाश या केंद्रीय खात्यांचे काम उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे.

त्याच दिवशी सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली. तिच्यात ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. पूर्वी पाच वर्षे लागत. तेव्हा तुमच्या पत्रावर ‘फेलो’ लिहिले आहे की ‘नियुक्त कर्मचारी’, हा शब्दांचा खेळ नाही. त्यावर पुढचे हक्क अवलंबून आहेत. पत्र नीट वाचा आणि शंका असेल तर सही करण्यापूर्वी जाणकाराला दाखवा.

संशोधकाने स्वतः करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, तारीख ठरवा. पोस्ट-डॉक्टरेट सुरू होतानाच वहीत लिहा : अमुक वर्षाच्या अमुक महिन्यापर्यंत अध्यापन किंवा संशोधनाची कायम जागा मिळाली नाही, तर दुसरी वाट धरायची. ही तारीख कोणत्या वयोमर्यादेच्या किती आधी येते तेही शेजारी लिहा. ‘एक पेपर आला की बघू’ असे म्हणता म्हणता माणसे चाळिशीला पोहोचतात.

दुसरी गोष्ट, कागद जमा करा. प्रत्येक नियुक्तीचे आदेश, मुदतवाढीची पत्रे आणि अनुभवाचा दाखला. दाखल्यात पदाचे नाव, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि मिळणारी रक्कम स्पष्ट हवी. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीची यादी करताना अध्यापन वा पोस्ट-डॉक्टरल अनुभवाच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण, कमाल दहा, असे ठेवले होते. ‘यांनी आमच्याकडे चांगले काम केले’ एवढ्या दाखल्यावर कोणी गुण देत नाही. नियम बदलत असतात, तेव्हा जाहिरातीत कोणते लागू केले आहेत ते पाहावे. गाईडची बदली होते, ते निवृत्त होतात. दाखला त्याच महिन्यात घ्यावा.

तिसरी गोष्ट, आपल्याला काय येते ते दुसऱ्याच्या भाषेत सांगावयास शिका. प्रबंधाचे नाव सांगून औषध कंपनीतील माणसाला काही बोध होत नाही. परंतु ‘एचपीएलसी यंत्रावर चार वर्षे काम केले, पद्धत बसविली, तिची अचूकता तपासली, दोन विद्यार्थ्यांना तयार केले’ असे म्हटले की तो खुर्ची पुढे सरकवतो. औषध व रसायन क्षेत्रात गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिसला, जीएलपीला, फार महत्त्व आहे. तेथे प्रयोगाइतकीच त्याची नोंद मोलाची : तारीख, सही, खोडले तर एका रेषेने आणि कारणासह. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ही शिस्त पुष्कळदा ढिली असते. ती आजपासून लावून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट, प्राध्यापकी आणि कंपनी एवढ्या दोनच वाटा नाहीत. पेटंट एजंटचे उदाहरण घ्या. पेटंट कायद्यानुसार विज्ञान वा अभियांत्रिकीचा पदवीधर भारतीय नागरिक ही परीक्षा देऊ शकतो. दोन लेखी पेपर आणि तोंडी. वकिलीची पदवी लागत नाही. नवा शोध कोणता आणि जुन्यावरची कल्हई कोणती, हे ओळखणे पीएच.डी. झालेल्याचा हातखंडाच असतो. औषधांच्या परवान्यांची कागदपत्रे तयार करणे, चाचणी प्रयोगशाळांतील गुणवत्ता विभाग, वैज्ञानिक यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांतील तांत्रिक साहाय्य, सांख्यिकीचे काम, विज्ञानविषयक लेखन, अशा आणखी वाटा आहेत. आपले मराठी तरुण हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद येथे ही कामे करीत आहेत. त्यांना पत्र लिहा, फोन करा. पगार, कामाचे तास आणि साहेब कसा आहे, हे जाहिरातीत छापलेले नसते.

पाचवी गोष्ट, बॉण्ड वाचा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे काम करू नये, अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. परंतु ‘तीन वर्षे थांबा, नाही तर दोन लाख भरा’ ही एका बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरविली. तेव्हा ‘असले बॉण्ड कोर्टात टिकत नाहीत’ असे कोणी सांगितले म्हणून सही ठोकू नका.

भगिनींसाठी एक शब्द. पोस्ट-डॉक्टरेटची वर्षे आणि संसार मांडण्याची वर्षे एकच असतात. मातृत्व रजा महिला संशोधकांना केंद्राच्या फेलोशिप आदेशांतच दिलेली आहे. ती लेखी अर्जाने मागा आणि लेखी मंजुरी घ्या. गाईडने मोठ्या मनाने दिलेली सुट्टी ती नव्हे.

एकट्याने न होणाऱ्या गोष्टी

हे सारे केल्यावरही काही गोष्टी उरतात. वयोमर्यादेतून पोस्ट-डॉक्टरेटची वर्षे वजा करणे, फेलोशिपला महागाईशी जोडणे, पुढे कायम झाल्यास ती वर्षे सेवेत धरणे, रक्कम ठरल्या तारखेस देणे. कितीही हुशार माणूस असो, आपल्या बायोडाटाच्या बळावर तो यांतील एकही गोष्ट बदलू शकत नाही.

त्या बदलत नाहीत असेही नाही. २०१८ च्या अखेरीस देशभरचे संशोधक विद्यार्थी रस्त्यावर आले आणि जानेवारी २०१९ मध्ये वाढ जाहीर झाली. शिक्षकांच्या ग्रॅच्युइटीचे पाहा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक त्या कायद्यात बसत नाहीत असे म्हटले. २००९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि तोही ३ एप्रिल १९९७ पासून लागू केला. खासगी शाळा त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि २०२२ मध्ये हरल्या. परदेशात कॅलिफोर्निया विद्यापीठातील पोस्टडॉक संशोधकांची संघटना २००८ पासून आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तेथे सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचारी संपावर गेले, आणि पोस्टडॉक संशोधकांनी वेतनवाढीचा व मुलांच्या संगोपनासाठी साहाय्याचा करार पदरात पाडून घेतला. त्या प्रयोगशाळांत आपली मुलेही काम करतात.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते, ‘मी येथे दोनच वर्षे आहे, संघटनेचे सभासद होऊन काय करू?’ मित्रहो, तुम्ही दोन वर्षांनी जाल, पण तुमच्या खुर्चीवर दुसरा येऊन बसेल आणि तोही हेच म्हणेल. असे म्हणत म्हणतच ती खुर्ची कायमची हंगामी राहिली आहे. आपल्या संस्थेतील हंगामी संशोधकांची यादी करा : कोण, किती वर्षे, किती रकमेवर, रक्कम कोणत्या महिन्यात मिळाली. एवढी एक यादी हातात असली तर संघटनेला संचालकांसमोर बसता येते. पुढील महिन्याच्या बैठकीस येताना प्रत्येकाने ती आणावी आणि सोबत आपली तारीख लिहिलेली वहीही आणावी, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.