शेतबंदरला उतरल्यावर

नगरजवळच्या फराहबाग महालाभोवती एके काळी तलावाचं पाणी होतं, आता तो तलाव कोरडा आहे. सगळीकडून पाणी असलेलं ठिकाण बघायचं असेल, तर मुंबईला जाल तेव्हा घारापुरीच्या लेण्यांच्या बेटासाठी एक दिवस राखून ठेवा.

गेटवे ऑफ इंडियावरून लाँच सुटते आणि साधारण तासाभरात बेटावरच्या शेतबंदरला लागते. धक्क्यापासून लेण्यांच्या पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी आहे, पण चालत जाणंच बरं. मुख्य लेण्यात सदाशिवाची मूर्ती आहे. सुमारे साडेपाच मीटर उंच, सहाव्या शतकाच्या सुमारास अखंड कातळातून घडवलेली. फोटो काढून लगेच निघू नका. डोळे अंधाराला सरावले, की मधला शांत चेहरा आणि बाजूचा उग्र चेहरा यांतला फरक उमगतो. शेजारचे अर्धनारीश्वर आणि गंगाधरही पाहा. पोर्तुगीज काळात इथल्या शिल्पांची बरीच मोडतोड झाली, ते पाहून जीव हळहळतो.

वेळ उरला तर तोफांच्या टेकडीवर जा. राजबंदर, मोराबंदर ही गावंही इथेच आहेत. बेटावर कायमची वीज पोहोचली ती 2018 मध्ये.

सोमवारी लेणी बंद असतात. परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरतानाच विचारून घ्या.