शिक्का नसलेला काटा



माझे शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे सांगलीच्या मार्केट यार्डात झाले. तेव्हा सरकारी आरोग्यसेवेतील सॉफ्टवेअरची चाचणी हा विषय घेऊन मी येथे उभा राहिलो, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आजारी हमालाची गाठ डॉक्टरांच्या आधी संगणकाशी पडू लागली, त्या दिवसापासून हा विषय युनियनचा झाला.

यार्डात हळदीचे पोते काट्यावर चढते, तोलार वजन सांगतो आणि शेतकरी ते मानतो. का मानतो? तोलार देवमाणूस आहे म्हणून नव्हे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो म्हणून. तो शिक्काही मुदतीचा असतो. आणि मुदतीच्या आत काटा दुरुस्त केला, तर जुना शिक्का चालत नाही. पुन्हा पडताळणी करून नवा घ्यावा लागतो. या एका नियमात माझे आजचे सगळे सांगणे आले.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या आज्ञा. त्या लिहिणारा जेवढी माणसे डोळ्यांपुढे आणतो, तेवढ्यांचीच सोय करतो. त्याने न पाहिलेली माणसे खिडकीशी आणून उभी करणे, हे चाचणी करणाऱ्याचे काम. आमच्या एका हमालाचे नाव रेशनकार्डावर ‘बाळू’ आणि आधारकार्डावर ‘बाळासाहेब’. पोटात कळा येऊ लागल्या म्हणून आम्ही त्याला एका दवाखान्यात नेले. दोन नावे जुळत नाहीत म्हणून नोंदणीचा संगणक पुढे सरकेना. मागे रांग ओरडू लागली. खिडकीतला कंत्राटी मुलगा रडकुंडीला आला. म्हणाला, “काका, मी काय करू? पुढचं पानच उघडत नाही.” मी त्याच्यावर खेकसलो. ती माझी चूक होती, हे आज चारचौघांत कबूल करतो. बाळूचा बाळासाहेब होणे ही आपल्याकडे रोजची गोष्ट. ती ज्याला ठाऊक नव्हती त्याने काटा बनविला आणि शिव्या तोलाराने खाल्ल्या. अखेर एका सिस्टरने साध्या कागदावर नाव लिहून घेतले, तेव्हा उपचार सुरू झाले.

आता सर्वांच्या अनुभवातले उदाहरण घेऊ. कोरोनाच्या लसीकरणासाठी केंद्र सरकारने को-विन ही यंत्रणा उभारली. तिची रंगीत तालीम झाली नव्हती असे नाही. २ जानेवारी २०२१ रोजी पुणे, नागपूर, जालना आणि नंदुरबार या जिल्ह्यांत केंद्रामागे २५ माणसे घेऊन ती झाली. ८ जानेवारीला देशभर झाली. १६ जानेवारीला प्रत्यक्ष लस टोचण्यास आरंभ झाला, त्याच दिवशी यंत्रणेत अडचणी आल्या आणि महाराष्ट्रात पुढचे दोन दिवस सत्रे झाली नाहीत. पंचवीस पानांची पंगत सुरळीत उठली, म्हणून जत्रेचा भंडारा पार पडेलच असे नाही.

पुढे दुसरा दोष दिसला. वेळ घेऊनही केंद्रावर न गेलेल्या काहींना ‘आपणांस लस दिली’ असा निरोप मोबाइलवर आला! तेव्हा ८ मेपासून चार आकडी संकेतांक सुरू झाला. दोष लोकांनी दाखविला आणि तो मान्य करून उपाय झाला. यात त्या यंत्रणेची अब्रू गेली असे मी मानत नाही, राहिली असे मानतो. लगेच १३ मेला कोविशील्डच्या दोन मात्रांमधले अंतर ६ ते ८ आठवड्यांवरून १२ ते १६ आठवडे झाले. कागदावर एक ओळ बदलली. पण ज्यांनी आधीच वेळ घेतली होती त्यांचे काय, याचे उत्तर संगणकाला नव्याने शिकवावे लागले.

नियम बदलणारच. ज्यांचे मूळ गाव साताऱ्यातले कटगुण, त्या महात्मा फुल्यांच्या नावाची आरोग्य योजना पाहा. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत निघाली, २०१३ साली राज्यभर झाली, २०१७ साली तिला फुल्यांचे नाव मिळाले, २०१८ साली ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २०२३ साली दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर नेऊन ते सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने केला. बदल चांगले आहेत. पण प्रत्येक बदल म्हणजे काट्याची दुरुस्ती होय. नवा शिक्का कोणी मारला, हे विचारण्याचा अधिकार आपला आहे.

हे न विचारल्यास काय होते? थेराक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतले काही दगावले. जुन्या यंत्रात धोका अडविणारी स्वतंत्र यांत्रिक कळ होती. नव्यात ती काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला, आणि त्यातल्या आज्ञांचा काही भाग जुन्या यंत्रातूनच आलेला होता. दोष जुनाच होता. त्याला झाकणारी कळ तेवढी गेली. तात्पर्य, जुन्या यंत्रात चालले ते नव्यात चालेलच, असे धरून चालणे जिवावर बेतते.

म्हणून माझ्या मागण्या तीन. पहिली, चाचणीला आशाताई, सिस्टर आणि खिडकीतला मुलगा यांना बसवा. माण-जतच्या गावात, तिथल्या अपुऱ्या रेंजवर, मराठीत. २०२१ साली राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले, तेव्हा पोषण ट्रॅकर इंग्रजीत असल्याचीही त्यांची तक्रार होती. आधी विचारले असते, तर ती पहिल्याच दिवशी कळली असती. दुसरी, नियम वा यंत्र बदलले की केवळ बदललेला भाग नव्हे, सगळे पुन्हा तपासा. तिसरी, संगणक अडला तर कागदावर काम चालू राहावे, आणि यंत्राच्या दोषासाठी कर्मचाऱ्याचा मोबदला कापू नये.

त्या खिडकीतल्या मुलाची मी पुढे माफी मागितली. तो म्हणाला, “काका, तुम्ही पहिलेच.” पुढच्या वेळी रांगेत उभे असाल, तेव्हा ओरडण्याआधी हे आठवा, आणि ओरडायचेच असेल, तर शिक्का कुठे आहे, असे ओरडा.