आधी तपासणी, मग आकडेमोड
(गेल्या उत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



आज मी माझीच एक फजिती सांगणार आहे.

थोरल्या बंधूंनी नवे घर बांधले. आमच्या देवघरातल्या गणपतीसारखीच मूर्ती स्वामिमलईला ओतून घ्यायचे ठरले. त्या धातूत आजीचा तांब्याचा हंडा घालावा, ही आईची इच्छा. धातू किती लागेल, हे मी सांगायचे. घनफळ मोजायला मूर्ती पाण्यात बुडवली असती तरी चालले असते. पण विसर्जनाचा देव बुडवतात, देवघरातला नव्हे! म्हणून मी त्रिमिती स्कॅन केला आणि संगणकाने उत्तर दिले : सव्वादोन किलो.

वृद्ध स्थपतींनी हाताने केलेली मेणाची मूर्ती तराजूत टाकली आणि तमिळमध्ये म्हणाले, "तंबी, मेण चारशे ग्रॅम भरलं. साडेतीन किलोच्या वर धातू लागेल. तुझ्या हिशेबात गणपतीचं पोट भरणार नाही." ओतताना धातू कमी पडला असता, तर मूर्ती अर्धवट राहिली असती, मेण गेले असते आणि हंडाही.

चूक कुठे झाली? संगणकात मूर्ती म्हणजे लहान लहान त्रिकोणांची जाळी. तिला आम्ही मेश म्हणतो. प्रत्येक त्रिकोणापासून एका ठरावीक बिंदूपर्यंत छोटा पिरॅमिड कल्पून, त्यांची चिन्हांसह बेरीज केली की घनफळ मिळते. माझ्या जाळीत पाठीकडचे त्रिकोण आत तोंड करून होते. त्यांचा वाटा बेरजेऐवजी वजा झाला. मूर्ती पाटावर असल्याने तळ उघडाच राहिला होता. प्रोग्रॅमने तक्रार केली नाही. मुकाट्याने आकडा दिला.

तेव्हापासून मी आधी जाळी तपासतो. एसटीएल फाईलमध्ये प्रत्येक त्रिकोण सुटा असतो, म्हणून एकाच जागचे बिंदू प्रथम जोडतो. क्षेत्रफळ शून्य असलेले त्रिकोण काढतो. प्रत्येक कड बरोबर दोन त्रिकोणांत सामाईक हवी. एकातच असेल तर तिथे भोक आहे, तिघांत असेल तर गुंता. शेजारचे दोन त्रिकोण सामाईक कडेवरून उलट दिशांनी गेले पाहिजेत. सोंड पोटात घुसलेली नसावी. शेवटी बिंदू वजा कडा अधिक त्रिकोण : मोदकासारख्या बंद आकाराला 2, मेदुवड्याला 0. एसटीएलमध्ये एकक लिहिलेले नसते. मिलिमीटर की इंच, हे आपणच विचारावे.

दुरुस्ती मूळ फाईलवर करू नये, आणि कुठे काय बुजवले ते लिहून ठेवावे. स्टॅनफर्डच्या मंडळींनी 1999 साली मायकेलअँजेलोचा डेव्हिड स्कॅन केला, तेव्हाही लेझर न पोचलेल्या जागी भोके राहिलीच. यंत्र चांगले असले तरी तपासणी सुटत नाही.

आपल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 सालचा भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे. दगडावर छिन्नी चालली की खाडाखोड नाही. मजकूर आधीच वाचून घ्यावा लागतो. आमच्या कामातही तेच.

बंधूंच्या घरी मूर्ती बसली. आजीचा हंडा तिच्यात आहे. त्या स्थपतींना वंदन करून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!