परदेशांतील इंग्रज आणि त्याचे तीन पेले

माणूस परदेशीं गेला म्हणजे त्याला स्वदेशाची जी आठवण होते, ती बहुधा इतिहासाच्या वाटेनें होत नाहीं. ती जिभेच्या वाटेनें होते. जन्मभूमीचे गुणदोष तो शांत चित्तानें सांगतो, तेथील राज्यकर्त्यांवर टीकाही करतो. पण ताटांत किंवा पेल्यांत घरचें कांहीं उणें पडलें कीं त्याचा धीर सुटतो. इंग्रज या नियमाला अपवाद नाहीं. स्पेनच्या किनाऱ्यावर उतारवयांत स्थायिक झालेला, सिंगापूरच्या कचेरींत नोकरी करणारा किंवा ऑस्ट्रेलियांत घर करून राहिलेला इंग्रज आपल्या देशबांधवांस भेटला म्हणजे हवापाण्याचा विषय लवकर संपतो, आणि एल, लागर व सायडर या तीन पेयांचा तौलनिक विचार सुरू होतो. ज्या घरांत या पेयांना उंबरठा ओलांडण्याची मुभा नाहीं, तेथील श्रोत्यांसही हा वाद ऐकण्याजोगा आहे. कारण त्याचा खरा विषय मद्य नसून, घरचें काय बरोबर नेतां येतें आणि काय नेतां येत नाहीं, हा आहे.

प्रथम या तिघींची ओळख करून घेणें इष्ट होईल. एल व लागर या दोन्ही बिअरच्याच जाती. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, गरम पाण्यांत त्यांचा गोड काढा करावयाचा, हॉप नांवाच्या वेलीचीं कडवट फुलें घालून तो उकळावयाचा, आणि निवाल्यावर त्याला यीस्टचें विरजण लावावयाचें, येथपर्यंत दोघींची कृति एकच आहे. भेद आहे तो विरजणांत. एलचें यीस्ट साधारण उबेंत काम करतें, थोड्या दिवसांत तें उरकतें आणि फेसाबरोबर वर येतें. लागरचें यीस्ट थंडींत संथपणें काम करून तळाशीं बसतें, आणि त्यानंतर ती बिअर कित्येक आठवडे गारठ्यांत ठेवावी लागते. ‘लागर’ या शब्दाचें मूळच मुळीं साठवणें या अर्थाच्या जर्मन शब्दांत आहे. सायडरचें कुळ अगदीं निराळें. तिच्यांत धान्य नाहीं कीं हॉप नाहीं. सफरचंदें चिरडून काढलेला रस आंबविला म्हणजे सायडर होते. द्राक्षांपासून वाइन, तशी सफरचंदांपासून सायडर.

आतां ‘रिअल एल’, म्हणजे अस्सल एल, या शब्दप्रयोगाचा अर्थ पाहिला पाहिजे. अस्सल एल ही कारखान्यांतून निघते तेव्हां पुरी झालेली नसते. पिंपांत भरल्यावरही तिच्यांतील यीस्ट जिवंत असतें आणि पबच्या तळघरांत तिचें आंबणें सावकाश चालूं राहतें. पिंपाच्या वरच्या छिद्रांत लांकडाची खुंटी मारून तळघराचा रखवालदार आंतला वायु हलके हलके बाहेर जाऊं देतो. गाळ खालीं बसावा म्हणून माशांच्या फुग्यांपासून केलेला एक पदार्थ बहुधा आधींच घातलेला असतो. आणि पेल्यांत घेतांना बाहेरचा कोणताही वायु न वापरतां हातपंपानें ती वर ओढतात. तळघराचें उष्णतामान ११ ते १३ अंश सेल्सियस असावें असा दंडक आहे. इंग्रज लोक कोमट बिअर पितात अशी जी थट्टा होते, ती या अंशांमुळें. पण मुंबईच्या माणसाला १२ अंशांचा पेला कोमट मुळींच वाटणार नाहीं.

या जिवंतपणाची कल्पना कोंकणांतील श्रोत्यांस सहज येईल. पहाटे झाडावरून उतरविलेली नीरा आणि दुपारची ताडी यांत जें अंतर पडतें, तें कोणी मुद्दाम पाडीत नाहीं. काळ तें पाडतो. एलचें पिंप एकदां उघडलें, आंत हवा शिरली, कीं तिचे दिवस मोजलेले असतात. तीन दिवसांत तें संपावें हें उत्तम. पबांत नेहमीं येणारें फर्किन नांवाचें लहान पिंप ९ गॅलनांचें, म्हणजे ७२ पाइंटांचें असतें. म्हणजे तीन दिवसांत ७२ पेले पिणारी माणसें पबाच्या आसपास हवींत. हा हिशेब श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

स्पेनच्या किनाऱ्यावरील एका टेबलाभोंवतीं यॉर्कशायरचा एक, लंडनचा एक आणि सॉमरसेटचा एक असे तीन इंग्रज बसले आहेत अशी कल्पना करावी. लंडनचा म्हणतो, देश तसा वेष. उष्ण देशांत गार लागर हीच शहाण्याची निवड. यॉर्कशायरचा उत्तर देतो कीं लागर थंड असते तोंवरच तिची अब्रू शाबूत असते; थोडी ऊब लागली कीं तिचें पितळ उघडें पडतें. सॉमरसेटचा या दोघांनाही अडाणी ठरवितो आणि सफरचंदांची गोष्ट काढतो. तिघेही थोडेथोडे बरोबर असतात. म्हणून हा वाद कधीं मिटत नाहीं.

लंडनकराची बाजू दुबळी समजूं नये. आजच्या सोनेरी, नितळ लागरचा उगम १८४२ सालचा. त्या वर्षीं बोहेमियांतील पिल्सेन या गांवीं योसेफ ग्रोल नांवाच्या बव्हेरियन कारागिरानें ती प्रथम तयार केली. पुढें कार्ल फॉन लिंडे यानें थंडी उत्पन्न करणारीं यंत्रें सिद्ध केलीं, आणि १८८३ सालीं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें लागरचें शुद्ध यीस्ट वेगळें काढून दाखविलें. शुद्ध विरजण आणि यंत्राची थंडी हातीं आल्यावर हवामानाची अडचण संपली. विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरांत १९३२ सालीं टायगर ही लागर निघाली ती याच बळावर. गाळून, तापवून, बाटलींत बंद केलेली लागर बंदरोबंदर फिरली तरी फारशी बदलत नाहीं. ती उत्तम प्रवासी आहे, आणि प्रवाशाला उत्तम प्रवाशाचा सहवास आवडला तर त्यांत नवल नाहीं.

सॉमरसेटच्या माणसाची स्थिति विचित्र आहे. त्याच्या पेयाचें नांव सर्वत्र ऐकूं येतें, पण नांवामागची वस्तु बदलते. अमेरिकेंत त्यानें नुसती ‘सायडर’ मागितली तर बहुधा न आंबविलेला सफरचंदाचा रस पुढें येतो; मादक सायडरला तेथें ‘हार्ड’ हें विशेषण जोडावें लागतें. त्याच्या गांवची सायडर खाण्याच्या सफरचंदांची नसतेच. किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट अशा नांवांचीं तीं फळें इतकीं तुरट असतात कीं चावा घेणारा तोंड वाकडें करील. पण त्या तुरटपणांतच पेयाचा कणा असतो. एके काळीं इंग्लंडच्या पश्चिम भागांत शेतमजुरांच्या मजुरीचा कांहीं अंश सायडरच्या रूपानें देत असत. १८८७ च्या कायद्यानें ती चाल बंद झाली. आज मात्र ब्रिटिश नियमाप्रमाणें शेंकडा ३५ भाग सफरचंदाचा रस असला तरी त्या पेयास सायडर म्हणतां येतें. तेव्हां सॉमरसेटकराची तक्रार परदेशाविषयीं जितकी, तितकीच स्वदेशाविषयींही असते. त्याला खरें समाधान लाभतें तें स्पेनच्याच उत्तरेकडील अस्तुरियास प्रांतांत. तेथें बाटली डोक्यावर धरून सायडरची धार खालच्या पेल्याच्या कडेवर सोडतात, आणि फेस विरण्यापूर्वीं तो घोटभर पेला रिकामा करतात. या सायडर-संस्कृतीस १९२४ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२४ सालीं युनेस्कोच्या यादींत स्थान मिळालें. भाषा परकी, पण तुरट चव ओळखीची. सॉमरसेटच्या माणसाला तेथें सोयरा भेटल्यासारखें वाटतें.

राहिला यॉर्कशायरचा माणूस. त्याची एल प्रवास करीत नाहीं काय? एके काळीं तिनें आपल्याच देशापर्यंत प्रवास केला होता. अठराव्या शतकांत लंडनजवळील बो येथें हॉज्सन याचा कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या गलबतांचे कप्तान त्याची बिअर विकत घेऊन मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील इंग्रजांस विकीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास चार-सहा महिने लागत. अशा सफरींत टिकावी म्हणून तिच्यांत हॉप अधिक घालीत. १८२० नंतर बर्टन गांवचे कारखानदार या व्यापारांत उतरले, आणि तेथील जिप्समयुक्त पाण्यानें त्यांना यश दिलें. इंडिया पेल एल हें नांव त्या व्यापाराची आठवण आहे. पुढें एडवर्ड डायर यानें कसौलीच्या थंड डोंगरावर कारखानाच काढला. जालियनवाला बागेंत १९१९ सालीं गोळीबार करविणाऱ्या जनरल डायरचा हा पिता. ज्याला हिंदुस्थानांत घरची एल हवी होती त्यानें तिच्यासाठीं डोंगर शोधला, ही गोष्ट बोलकी आहे.

ऑस्ट्रेलियांतही असेंच एक उदाहरण आहे. टॉमस कूपर नांवाचा यॉर्कशायरचा गृहस्थ ॲडलेड येथें जाऊन राहिला आणि १८६२ सालीं त्यानें एल करण्यास आरंभ केला. पुढें तो देश बहुतांशीं लागरकडे वळला, तरी कूपर घराण्यानें बाटलींतच पुन्हां आंबणारी एल सोडली नाहीं. तिच्या तळाशीं यीस्टचा गाळ असतो, आणि पिणारे बाटली आडवी लोळवून तो मुद्दाम ढवळून घेतात. म्हणजे जिवंत एल बाटलींतून दूर जाऊं शकते. पण यॉर्कशायरच्या माणसाचें समाधान एवढ्यानें होत नाहीं. त्याला तळघर, हातपंप आणि पिंप हवें असतें.

तें त्याला कां मिळत नाहीं? यंत्रानें आज कोणत्याही तळघरांत १२ अंश राखतां येतात. जव, हॉप व यीस्ट विमानानें पाठवितां येतात. कुशल माणूस नेमतां येतो. अडतें तें त्या ७२ पेल्यांच्या हिशेबापाशीं. तीन दिवसांत पिंप रिकामें करील एवढी ओळखीची, नेमानें येणारी मंडळी जेथें नाहीं, तेथें उत्तम एलही चौथ्या दिवशीं शिळी होऊन आंबट होते. बाटलीला गिऱ्हाईक पुरतो. पिंपाला शेजार लागतो. परदेशीं गेलेल्या इंग्रजाला आपली जीभ आणि आपला पैसा बरोबर नेतां येतो, शेजार मात्र नेतां येत नाहीं.

आणि शेजाराचा हा प्रश्न परदेशापुरताच नाहीं. १९६० नंतरच्या काळांत खुद्द इंग्लंडांतच मोठ्या कारखान्यांनीं जिवंत पिंपाऐवजीं गाळलेली, तापविलेली, वायूच्या दाबानें वर येणारी बिअर पुढें केली. कारण ती सांभाळावी लागत नाहीं आणि खपली नाहीं तरी टिकते. अस्सल एल मायभूमींतच नाहींशी होते कीं काय, अशी वेळ आली. तिच्या रक्षणार्थ जी चळवळ निघाली, तिचा जन्म कोठें व्हावा? १९७१ च्या मार्च महिन्यांत आयर्लंडच्या पश्चिम टोंकाला, केरी परगण्यांत सुटीसाठीं गेलेल्या चार इंग्रजांनीं तेथील पबांत बसून ती काढली. आज ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. घरच्या वस्तूची किंमत घराबाहेर पडल्यावर कळते, याहून स्पष्ट दाखला शोधण्याचें कारण नाहीं.

तरीही दुरून डोंगर साजरे दिसतात, हें त्या तिघांनाही कोणीतरी सांगितलें पाहिजे. बिहारमधील मोतीहारी येथें जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलनें १९४६ सालीं ‘द मून अंडर वॉटर’ नांवाच्या एका आदर्श पबचें वर्णन लिहिलें, आणि शेवटीं सांगून टाकलें कीं असा पब नाहींच. दहा गुणांपैकीं आठ गुणांचा एक तेवढा ठाऊक आहे. त्या वेळीं ऑर्वेल लंडनमध्येंच राहत होता! पुढें २००० सालानंतर ब्रिटनमधील हजारों पब बंद पडले. स्पेनमध्यें बसून ज्या कोंपऱ्यावरच्या पबसाठीं यॉर्कशायरचा म्हातारा झुरतो, त्या जागीं कदाचित् आतां घरें झालीं असतील. आणि तो स्वतः व त्याच्यासारखे दहावीस जण परदेशीं निघून गेले, हेंही पिंप वेळेवर न संपण्याचें एक कारण असेल.

म्हणून या तीन पेयांत श्रेष्ठ कोणतें, याचा निर्णय चवीवरून करूं जातां लागत नाहीं. लागर कोठेंही भेटते, म्हणून ती कोणाचीच विशेष नव्हे. सायडर परक्या गांवीं सोयरे शोधते. अस्सल एल मात्र चार माणसांनीं नित्य एकत्र येण्यावर जगते, आणि तीं माणसें पांगलीं कीं संपते. जी वस्तु प्रवास करूं शकत नाहीं तिच्यासाठीं प्रवाशाचा जीव अधिक तुटावा, हें स्वाभाविक आहे. परंतु ती टिकावी असें वाटत असेल, तर तिच्याजवळ राहणाऱ्यांनीं तिच्याकडे नेमानें गेलें पाहिजे. दूर गेलेल्यांच्या आठवणींनीं पिंप रिकामें होत नाहीं.