तीन दाबा, ज्वारी मागा



'एज ऑफ एम्पायर्स' या संगणकावरच्या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला. आठ जणांपर्यंत खेळाडूंनी आपापले संगणक एकमेकांना जोडायचे, शेती करायची, लाकूड तोडायचं, सोनं खणायचं, सैन्य उभं करायचं आणि मग शेजाऱ्याचं गाव जाळायला निघायचं. या खेळात निरोप टाइप करण्याच्या चौकटीत एक सोय होती. तिथं नुसता ११ हा आकडा टाकून एंटर दाबलं, की जोडलेल्या सगळ्या संगणकांतून खदाखदा हसणं ऐकू यायचं. ३ म्हणजे 'अन्न द्या', ४ म्हणजे 'लाकूड द्या', ५ सोनं, ६ दगड. १४ टाकलं की एक वैतागलेला माणूस 'अरे, खेळ सुरू करा की आता' म्हणायचा. ३० वर पुजाऱ्याचा सुप्रसिद्ध 'वोलोलो' मंत्र. असे एकूण ४२ आवाज होते. शत्रू वेशीत आलेला असताना वाक्य टाइप करायला कुणाला सवड असते? एकदोन आकड्यांत काम भागायचं.

हे आवाज खेळाच्या फोल्डरमध्ये एमपीथ्री फायली म्हणून उघडेच पडलेले असत. त्याच नावाची दुसरी फाइल तिथं ठेवली, की खेळ ती मुकाट्यानं वाजवी. हे एकदा कळल्यावर पोरं गप्प बसतील होय? बार्शीत आम्ही ज्या सायबर कॅफेत जायचो, तिथल्या एका मित्राच्या घरी भुसार मालाची आडत होती. त्यानं संगणकाच्या माईकवर आपल्याच आवाजात ३ नंबर भरला: 'आरं, ज्वारी धाड की लेका!' बार्शीच्या माणसानं अन्न मागायचं म्हणजे दुसरं काय मागायचं? ४ वर 'लाकडं संपली', ५ वर 'उधारी कधी देतूस?' आणि १ वर, जिथं मुळात नुसतं 'हो' होतं, तिथं 'लाभ'. आडतीवर धान्य मोजताना तोलार पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. ते त्यानं थेट लढाईत आणून बसवलं. हल्ला करू का, असं विचारलं की पलीकडून शांतपणे 'लाभ' यायचं.

यात एक मेख होती. फाइल फक्त माझ्याच संगणकावर बदललेली असेल, तर मी मराठी ऐकायचो आणि समोरच्याला तेच जुनं इंग्रजी ऐकू यायचं. कारण तारेतून आवाज जातच नव्हता. जायचा फक्त आकडा. आवाज ज्याच्या त्याच्या संगणकात आधीपासून बसलेला असे. म्हणून मग कॅफेच्या मालकाला पटवून तो फोल्डर सगळ्या यंत्रांवर चढवावा लागला. दुसऱ्या कॅफेत गेलं की आमची ज्वारी पुन्हा 'फूड प्लीज' होऊन बसायची.

आता बार्शीकराला रेल्वेचं नाव काढल्याशिवाय भाषण पुरं करता येत नाही, तेव्हा ते इथंच उरकतो. आपली अडीच फुटी बार्शी लाइट रेल्वे १८९७ सालची. ती गेली, रूळ रुंद झाले. पण रेल्वेत शेजारशेजारच्या दोन स्टेशनांचे मास्तर ब्लॉक यंत्राच्या घंटेवर बोलतात, ती रीत ऐकण्यासारखी आहे. एक ठोका म्हणजे लक्ष द्या. दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का? तीन म्हणजे गाडी निघून तुमच्या वाटेला लागली, चार म्हणजे ती आमच्याकडे पोचली, सहा म्हणजे धोका. ठोक्यात अर्थ नसतो, अर्थ दोन्ही मास्तरांच्या डोक्यात आधीच ठरलेला असतो. आमच्या आकड्यांचं नेमकं हेच होतं.

प्रत्यक्ष बोलणं संगणकांच्या तारेवरून पाठवायची हौस आमच्या या खेळाहून बरीच जुनी. डॅनी कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये, आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरून माणसाचं बोलणं तुकड्या-तुकड्यांनी पाठवून दाखवलं. खेळणाऱ्यांच्या हाती ती सोय यायला मात्र १९९९ उजाडलं. त्या साली 'रॉजर विल्को' नावाचा जोड-प्रोग्राम आला. नाव बिनतारी संदेशवाल्यांच्या बोलीतून उचललेलं. खेळ एकीकडे चालू, हा दुसरीकडे चालू, आणि कानात मित्राचा आवाज. त्यामागून टीमस्पीक, व्हेंट्रिलो, मम्बल आले आणि २०१५ मध्ये डिस्कॉर्ड, जो आज पोरांच्या फोनमध्ये असतो. दरम्यान 'काउंटर-स्ट्राइक' या गोळीबाराच्या खेळानं ठरीव वाक्यांचीही वाट सोडली नव्हती. झेड, एक्स, सी या कळांवर त्यात वायरलेसवरचे हुकूम बांधलेले होते, आणि हातबॉम्ब फेकला की 'फायर इन द होल' ही आरोळी आपोआप उठायची. कॅफेत ती आरोळी इतकी घुमायची की खालचा दुकानदार वर येऊन दम देऊन जायचा.

जिवंत आवाज पाठवणं हे आकडा पाठवण्याइतकं सोपं नाही. तुमचं बोलणं साधारण २० मिलिसेकंदांच्या चकत्यांत कापलं जातं, म्हणजे सेकंदाला ५० चकत्या. प्रत्येक चकती दाबून लहान करायची आणि धाडून द्यायची. डिस्कॉर्डसारखी साधनं त्यासाठी ओपस ही पद्धत वापरतात. ती २०१२ मध्ये प्रमाण म्हणून ठरली. सेकंदाला २४ किलोबिटांत बोलणं छान ऐकू येतं, म्हणजे तासभर अखंड बडबड केली तरी आवाजाचा डेटा अकरा एमबीच्या आसपास. खर्च डेटाचा फारसा नाही, खर्च वेळेचा आहे. चकत्या वाटेत मागं-पुढं होतात, म्हणून पलीकडचा फोन त्या क्षणभर थोपवून रांगेत लावतो. एखादी हरवलीच, तर आधीच्या चकतीवरून अंदाज बांधून तो भोक बुजवतो. म्हणजे मित्राच्या तोंडून तुम्ही जो शब्द ऐकता, त्यातला एखादा कण मित्रानं उच्चारलेलाच नसतो, तुमच्या फोननं जुळवलेला असतो! एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सुरळीत वाटतं. त्यापलीकडे गेला की दोघं एकदमच बोलतात, आणि मग एकदमच थांबतात.

फोनवरच्या खेळात हा उशीर जिवावर बेततो, अर्थात खेळातल्या. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि स्वस्त डेटाच्या जोरावर कट्ट्याकट्ट्यावर पसरला. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं त्याच्यासह ११८ ॲपवर बंदी घातली. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय या नावानं भारतासाठी वेगळी आवृत्ती आली; तीही २०२२ मध्ये दहा महिन्यांसाठी गेली नि २०२३ च्या मे महिन्यात परतली. चौघांचा स्क्वाड, आणि त्यात एक आयजीएल, म्हणजे कुठं उतरायचं, कधी रश करायचं म्हणजे चाल करून जायचं, पडलेल्या कुणाला रिव्हाईव्ह करायचं म्हणजे पुन्हा उभं करायचं याचे कॉल देणारा. बाकी तिघांनी ऐकायचं.

काय ऐकायचं, हा यातला खरा प्रश्न. या खेळात शत्रू दिसण्याआधी त्याची पावलं ऐकू येतात, डावीकडून की उजवीकडून तेही कळतं. खेळाचा अर्धा जीव कानात असतो. आणि त्याच कानात सोबतचा गडी 'भावा, कुठंयस, भावा, मला नॉक केलं' असा अखंड गळा काढत असतो. चांगल्या स्क्वाडमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कोणतं? 'माईक बंद कर, पावलं ऐकू दे.' त्यात ब्लूटूथचं आणखी एक दुखणं. ब्लूटूथ इअरफोनचा माईक चालू केला की बहुतेक फोन तो आवाज हँड्स-फ्रीच्या जुन्या चाकोरीत टाकतात. तिथं डावं-उजवं उरत नाही, दोन्ही कानांत एकच पातळ आवाज. म्हणून बार्शीतली जी पोरं मनापासून खेळतात, त्यांच्या गळ्यात अजून वायरचाच इअरफोन दिसतो. महागडा बिनतारी संच घेऊन आलेल्याला ती आधी हसतात आणि मग समजावून सांगतात.

माईकची दुसरी अडचण तंत्राची नाही. माईक 'ऑल'वर ठेवला, तर आसपासच्या अनोळखी माणसांनाही तुमचा आवाज जातो. आवाज बाईचा निघाला की पुढं काय काय ऐकावं लागतं, ते मी रेडिओवर सांगू शकत नाही. अनेक मुली म्हणूनच माईकला हातच लावत नाहीत. खेळात पडद्यावर तयार वाक्यांची जी गोल चकती असते, तिच्यावरून 'पुढं शत्रू आहे', 'गोळ्या हव्यात' एवढं दाबतात आणि झकास खेळतात. हिंदी अडखळणारा खेड्यातला पोरगाही तेच करतो. त्याला मागं पडलेला समजू नये. बोट चकतीवर आणि कान पावलांवर, याहून शहाणपणाची खेळी दुसरी नाही.

माझी तक्रार एवढीच, की ती चकती कंपनीनं भरलेली असते. वाक्यं तिची आणि आवाजही तिनं निवडलेले. फोल्डर उघडून आपला आवाज भरायची सोय फोनच्या खेळात राहिली नाही, आणि कंपन्यांच्या बाजूनं पाहिलं तर का नाही तेही कळतं: सोय उघडी ठेवली की पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यात शिव्या भरणार. पण वाट अगदीच बंद नाही. डिस्कॉर्डनं २०२३ मध्ये साउंडबोर्ड आणला. मित्रांच्या मंडळानं आपापले आवाज त्यात चढवायचे, एकेक फार तर ५.२ सेकंदांचा. बटण दाबलं की मंडळातल्या सगळ्यांना तोच आवाज ऐकू येतो. प्रत्येकाच्या यंत्रावर फोल्डर चढवत फिरायला नको. चौघं मित्र ठरवून बसले तर संध्याकाळभरात स्वतःची चकती तयार होईल.

तशी कुणी करणार असेल तर माझी यादी घ्या. 'थांब.' 'मागं फिर.' 'गोळ्या धाड.' 'घरात हाय.' 'उचल मला.' ही पाच आधी भरा, बाकीची गंमत नंतर. भरताना सगळ्यांचे आवाज सारख्याच पातळीवर ठेवा, नाहीतर एकाचं 'थांब' ऐकूच येत नाही आणि दुसऱ्याच्या 'उचल मला'नं कानठळ्या बसतात. आणि एकही वाक्य सेकंदापेक्षा लांबवू नका. तेवढ्या वेळात जिन्यावरून वर येणाऱ्याची पावलं ऐकायची राहून जातात.