परीस, वेताळ आणि आम्ही



मागच्या महिन्यात आम्ही काय वाचले, ते सांगायला आज उभे आहोत. आम्ही म्हणजे अमळनेरजवळच्या एका गावचा वाचनवर्ग. दिवसा कपाशी वेचायची आणि रात्री भाकरी खाऊन शाळेच्या ओट्यावर जमायचे. ज्याला जेवढे येते तेवढे त्याने मोठ्याने वाचायचे. अडले की शेजारच्याने सांगायचे.

आमचे अमळनेर पुस्तकांना नवखे नाही. साने गुरुजी 1924 ते 1930 पर्यंत इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मराठी साहित्य संमेलन इथे दोनदा भरले, 1952 साली आणि 2024 साली. पण पुस्तके तालुक्याला आणि आम्ही गावात. तेव्हा आमच्यातला एक जण बाजाराच्या दिवशी जातो आणि पिशवीत पुस्तके घालून एस.टी.ने आणतो.

आजवर आम्ही खताचे पुस्तक वाचले, पाण्याचे वाचले, बँकेचे वाचले. मग एक आबा म्हणाले, "आता काहीतरी गमतीचे आणा. खत काय, रोजचेच आहे." म्हणून हा महिना अद्भुत गोष्टींचा ठरला. अद्भुत म्हणजे जे सहसा घडत नाही ते. प्रेत बोलते, माणूस उडतो, लोखंडाचे सोने होते.

पहिली घेतली वेताळपंचविशी. विक्रम राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन निघतो. त्या प्रेतात वेताळ असतो. तो वाटेत गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर डोक्याची शकले होणार. आणि बोलला, तर वेताळ परत झाडावर! अशी ही जुनी गोष्ट आहे. आमच्या म्हाताऱ्यांना ती आधीच तोंडपाठ होती. वाचणारा चुकला की ते हसायचे.

त्यातल्या एका गोष्टीवर मात्र भांडण झाले. एका मुलीला तिघांनी मागणी घातली होती. ती मेली. एक जण तिच्या राखेवर झोपून राहिला. दुसऱ्याने तिची हाडे गंगेला नेली. तिसरा मंत्र शिकून आला आणि त्याने तिला जिवंत केले. आता ती बायको कोणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बापासारखा, हाडे नेली तो मुलासारखा, राखेवर झोपला तो नवरा. पुरुषांना हे उत्तर पटले. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "पन तिले कोनी इचारं का?" तिला कोणी विचारले का? ओटा एकदम गप्प झाला. पंचवीस गोष्टी सांगणाऱ्या वेताळालाही हे कोडे सुचले नव्हते.

मग आम्ही जुन्या कादंबऱ्यांकडे वळलो. मुक्तामाला 1861 सालची, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची. मंजुघोषा 1868 सालची, नारो सदाशिव रिसबूड यांची. खरे सांगायचे तर आमची दमछाक झाली. वाक्य सुरू झाले की संपता संपत नाही. जोडाक्षरे तर काट्याच्या कुंपणासारखी. दहा पानांवर आम्ही थांबलो. बाकीची गोष्ट वर्गाच्या ताईंनी तोंडी सांगितली.

पण ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती लक्षात राहिली. रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत म्हटले आहे की, आपल्या लोकांच्या रोजच्या जगण्यात मन रमेल असे काही नसते. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडेच जावे लागते. हे ऐकून आबा रागावले. म्हणाले, "त्यांना म्हणावे, एक वर्ष कपाशी लावून पाहा. पेरले की पाऊस जातो, वेचायला आले की पाऊस येतो. याच्याहून अद्भुत ते काय?" रिसबूड आज असते, तर त्यांना आम्ही भरीत-भाकरीला बोलावले असते आणि हे ऐकवले असते.

नाथमाधवांची वीरधवल 1913 सालची. ती पुष्कळ सोपी वाटली. नाथमाधव शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडले आणि कमरेखाली लुळे झाले. त्यानंतर ते लिहू लागले. ज्याला चालता येत नाही, तो घोडेस्वार रंगवतो. याचे आम्हाला फार नवल वाटले. ही कादंबरी निम्मी झाली आहे, म्हणून तिच्याविषयी आज जास्त बोलत नाही.

आता परिसाची गोष्ट. हिच्याकरताच खरे तर आम्ही उभे राहिलो.

हॅरी पॉटर नावाच्या मुलाच्या कादंबऱ्या जगभर वाचल्या जातात. जे. के. रोलिंग या इंग्लंडच्या बाईंनी त्या लिहिल्या. पहिली 1997 साली निघाली. मराठीत तिचे नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. मुलगा अनाथ. मावशीकडे राहतो. मावशी त्याला जिन्याखालच्या कपाटात झोपवते. "माय मरो पण मावशी जगो म्हणतात, आणि ही मावशी अशी!" असे बायका म्हणाल्या. पुढे तो जादूच्या शाळेत जातो. तिथे एक परीस लपवलेला असतो. त्याने धातूचे सोने होते आणि अमृतही मिळते.

परीस आपल्याला ठाऊक आहेच. परिसा भागवताचा परीस नामदेवांनी चंद्रभागेत टाकला, ही कथा कीर्तनात सगळ्यांनी ऐकली आहे. म्हणून सगळे रंगून ऐकत होते. तेवढ्यात एक काकू उठल्या आणि घरी निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत.

आम्ही काही जणी त्यांच्या घरी गेलो. काकू चुलीपुढे बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने बोलल्या. तीन वर्षांमागे दारावर एक माणूस आला होता. सोने उजळून देतो, मंत्राने वाढवूनही देतो, म्हणाला. काकूंनी पोत काढून दिली. त्याने ती एका पाण्यात बुडवली, हळद लावली, फडक्यात बांधली आणि सांगितले, "उद्या उघडा." उघडली तेव्हा पोत हलकी झाली होती. सोनाराने वजन केले, तर निम्मे सोने गेलेले. काकूंनी हे घरात आजवर सांगितले नव्हते. "परिसाचे नाव काढले की छातीत धस्स होते," त्या म्हणाल्या.

ते कसे होते, हे आम्ही ताईंना विचारले. ते साधे पाणी नसते, तेजाब असते. एका जातीच्या तेजाबात सोने विरघळते. वरून काही दिसत नाही. तो भामटा ते पाणी घेऊन जातो आणि मागाहून त्यातून सोने काढतो. सोने घासून किंवा मंत्राने वाढत नाही, कारण ते मूळ द्रव्य आहे. मोठ्या प्रयोगशाळेत दुसऱ्या धातूचे सोने केले गेले आहे, पण ते कणभर, आणि खर्च त्या सोन्याच्या कितीतरी पट. चमत्काराचा देखावा करून लोकांना फसवणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे. तो कायदा 2013 साली झाला. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी कित्येक वर्षे झटले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला.

मग आमच्यात वाद पडला. अशा गोष्टी वाचाव्यात का? एक भाऊ म्हणाले, "याच गोष्टींनी माणसे भुलतात. बंद करा." आम्ही उत्तर शोधत होतो. तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "त्या माणसाने ही गोष्ट आहे असे सांगितले नव्हते. खरे आहे असे सांगितले होते. पुस्तक तर पहिल्या पानावर कबूल करते की, मी गोष्ट आहे."

त्या पुन्हा येऊ लागल्या. पुस्तकाचा शेवट त्यांच्यासमोर वाचला. परीस एका आरशात लपवलेला असतो. ज्याला तो वापरायचा आहे त्याला तो मिळत नाही. ज्याला तो नुसता शोधायचा आहे, वापरायचा नाही, त्यालाच मिळतो. आणि शेवटी तो परीस नष्ट करून टाकतात. हे वाचताना काकू हसल्या. "बरे झाले," एवढेच म्हणाल्या.

आता अरबी गोष्टी चालू आहेत. या गोष्टी मराठीत आणण्याचे काम कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले होते. आमच्याकडे आहे ती सोप्या भाषेतली, मोठ्या टायपाची प्रत. सिंदबाद खलाशाच्या सात सफरी आहेत, त्यांतल्या सहा झाल्या. दर वेळी तो बुडतो, वाचतो, घरी येतो आणि पुन्हा निघतो. आबा म्हणतात, "हा आमच्यासारखाच. दर साली तोटा आणि दर साली पेरणी." सातवी सफर मंगळवारी आहे. ती काकू वाचणार आहेत. त्यांना 'क्ष' अजून अडतो. म्हणून दोन दिवस त्या पाटीवर तेवढेच अक्षर गिरवीत आहेत.